पुस्तकावरचा सिनेमा पुस्तकाला धरूनच असायला हवा का?

आडवाट:
काल परत 'शाळा' सिनेमा लावला आणि परत तीच चिडचिड झाली. मिलिंद बोकिलांचं मूळ पुस्तक मी नववीत असताना वाचलं, त्यातला मुकुंद जोशीपण नववीतलाच, त्यामुळे तो मनातल्या मनात जे बोलतो ते मला माझंच वाटायचं, त्याला आवडणारी शिरोडकर समोरून आली की काय होतं, नरूमामा काय म्हणाला, बाहेर आणीबाणी चालूय, सगळं त्याच्याच तोंडून. सिनेमात त्यातलं फार थोडं उरलंय. पुस्तकाचं नाव लावता ना, मग पुस्तक द्या की.

माजघर:
नाही पटलं दादा. एवढं मनातलं बोलणं दोन तासांत कसं बसवणार? सारखा मागून आवाज टाकला तर त्यापेक्षा पुस्तकच वाचलेलं बरं. मला तर त्या पोराचं चोरून बघणंच पुरलं. आणि 'सिंहासन' आठवा, 1979 चा. अरुण साधूंच्या 'सिंहासन' आणि 'मुंबई दिनांक' अशा दोन कादंबऱ्या तेंडुलकरांनी एका पटकथेत आणल्या, म्हणजे किती काय गाळलं असेल! तरी शेवटी निळू फुल्यांचा पत्रकार दिगू टिपणीस वेड्यासारखा हसत सुटतो तेव्हा अंगावर काटा येतो.

निंबोणी:
गाळण्याला माझी ना नाही, पण काय ठेवायचं ते कळायला हवं. 'श्यामची आई' पुस्तकात 42 रात्री, म्हणजे प्रकरणं आहेत, एकेक आठवण सुटी. अत्र्यांनी 1953 साली त्याचा सलग सिनेमा केला, राष्ट्रपतींचं पहिलं सुवर्णपदक मिळालं त्याला. पण अंघोळ झाल्यावर श्यामच्या पायांना माती लागू नये म्हणून आई धोंड्यावर पदर पसरते आणि मग म्हणते, पायांना जपतोस तसं मनालाही जप, हा प्रसंग घ्या. कोणी पदर गाळून नुसतं वाक्य ठेवलं तर तो उपदेश झाला, आई कुठे राहिली त्यात?

आडवाट:
पदराचं शंभर टक्के पटलं, माझं तेच तर म्हणणंय! 'सिंहासन'मध्ये माणसं ढीगभर, एकाचं कमी केलं तर दुसरा आहे. 'शाळा'त एकच पोरगा आणि त्याचं डोकं. तो आवाज म्हणजेच तिथला पदर.

माजघर:
हो, पण तो आवाज तुम्ही नववीपासून स्वतःच्याच आवाजात ऐकताय ना, दुसऱ्या कुठल्या पोराच्या तोंडून तो तुम्हाला तसाच ऐकू आला असता का?