गाणं, पेटी, पियानो शिकवणाऱ्यांनो, विद्यार्थ्यांच्या आठवणी लिहा

सुरेल_सकाळ
काल पेटी ट्यूनिंगला दिली. कारागीर पट्ट्या पुसायला लागला तर दोन-तीन पट्ट्यांवर जुन्या चिठ्ठ्यांचा डिंक अजून तसाच. सा, ग, प लिहून त्या एका आजोबांसाठी चिकटवल्या होत्या. बँकेतून निवृत्त झाल्यावर आले होते शिकायला. शेजारी चौथीतली मुलगी बसायची. तिचे अलंकार भराभर व्हायचे, यांची बोटं अडायची. पण भूप रागातला गंधार (ग) लागला की आजोबा तिथेच रेंगाळायचे, तिला म्हणायचे, "घाई नको गं, आधी ऐक." मग तीही थांबायची. प्रारंभिक, म्हणजे गाण्याची पहिली परीक्षा, दोघांनी एकाच दिवशी दिली. परीक्षेला बाहेरच्या बाई आजोबांना म्हणाल्या, पालकांनी खाली थांबा! लहान-मोठे एकाच सतरंजीवर बसले की दोघंही लवकर शिकतात, असं माझं ठाम मत आहे. तुमचं लिहा.

पांढरी_चार
आवाज फुटणाऱ्या मुलांचं काय करता? माझ्याकडचा एक काळी चारमध्ये (पेटीची चौथी काळी पट्टी सा धरून, म्हणजे उंच) खणखणीत गायचा. आठवीत तार सा (वरचा सा) चिरकायला लागला, घरचे म्हणाले क्लास बंद. मी बंद करू दिला नाही. पट्टी हळूहळू उतरवली, तार सप्तक पूर्ण वर्ज्य, थोडा वेळ नुसता सा लांबवायचा आणि उरलेल्या वेळात हातावर त्रिताल. त्या वयात स्वररज्जू लांब आणि जाड होतात, जोर करून उपयोग नसतो. आता खालच्या काळी एकमध्ये मस्त गातो, विशारदच्या परीक्षेला बसतोय.

लेकाची_आई
@पांढरी_चार देव भलं करो तुमचं. माझा सातवीत आहे, आत्ताच चिरकतोय. रडला परवा. त्याला दाखवते हे.

पर्वरीकर
गोव्यातून, पियानो. पावसात पट्ट्या फुगतात, दाबली की वर येतच नाही, मूल बिचारं वाट बघत बसतं.
ग्रेडच्या परीक्षांमुळे वर्षभर तेच तीन तुकडे घोटतात आणि नोटेशन वाचता येत नाही, याचा मला फार त्रास होतो. म्हणून तासाला आल्या आल्या एक अनोळखी ओळ. बघायची, वाजवायची, चुकलं तरी पुढे जायचं. आमच्याकडे पूर्वी चर्चच्या शाळांत पोरं आधी सोल्फेज (दो-रे-मी असे स्वर वाचून गाणं) म्हणायची, वाद्य नंतर हातात.
एक नर्स येते, रात्रपाळी करून. डोळे मिटत असतात. म्हणते, टीचर, आज फक्त डावा हात. मी उजवा वाजवते.

गुळपोळी
शेवटची ओळ ❤️
(कुकर झाला, नंतर येते)

जर्सीची_काकू
झूमवर शिकवते. आवाज उशिरा पोचतो, त्यामुळे साथ अशक्य. मी पेटी धरली की पोरगी मागे पडल्यासारखीच ऐकू येते. म्हणून तानपुऱ्याचं ॲप तिच्याकडे चालू, मी गप्प. आणि "ओरिजिनल साउंड" चालू करायला सांगा, नाहीतर झूम तानपुऱ्याला पंख्याची घरघर समजून कापून टाकतं! यात एक फायदा झाला. मुली स्वतःचा सा स्वतः शोधायला शिकल्या. समोर बसणाऱ्यांना मी तो पेटीवर आयता द्यायचे.

मिरजमार्गे
म्हणूनच म्हणतो, गाणं पेटीवर शिकवूच नका. मींड, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर न तुटता घसरत जाणं, निघते का पेटीतून? रेडिओवर १९४० ते १९७१ बंदी होती ती उगाच नाही. तंबोरा घ्या. मिरजेच्या तंबोऱ्याला २०२४ साली जीआय (भौगोलिक मानांकन) मिळालंय.

पांढरी_चार
तंबोरा आणि दादरचा दहा बाय दहाचा हॉल, भाऊ. ठेवू कुठे? पेटीने सूर सापडतो, मींड गळ्याने दाखवते मी.

मिरजमार्गे
छोटे बसके तंबोरेही मिळतात. पण मान्य, गळा हवाच.

गुळपोळी
आले. फीबद्दल कुणी बोलत नाही. महिना भरला की सांगायला जीभ रेटत नाही, आणि दोन तास बुडले की पालक पैसे कापतात. आमचा तो वेळ राखून ठेवलेला असतो हो!

पर्वरीकर
आगाऊ घे. टर्म सुरू व्हायच्या आधी. वाईट वाटून घेऊ नकोस.

जर्सीची_काकू
+१. इथेही तसंच.

लेकाची_आई
सकाळताई, पेटी कुठे दिलीत? आमची वर्षभर पडून आहे, भाता फुसफुसतोय.

सुरेल_सकाळ
व्यनि बघ गं. कारागीर भाताही बदलतात. आणि लेकाला सांग, माझ्याकडचे दोघे आवाज फुटण्यातून गेलेत, दोघेही अजून गातात.