उसातला बिबट्या: पत्रकं वाटून काय होणार? (टोपणनावांनी झालेली गावकऱ्यांची चर्चा)

कुकडीकाठ: बिबट्या दिसला की आपल्याकडे पहिली मागणी पिंजऱ्याची. पण जुन्नर भागात २००१ पासून बिबटे पकडून लांबच्या जंगलात सोडायला सुरुवात झाली, तेव्हा माणसांवरचे हल्ले वर्षाला सरासरी ४ वरून १७ वर गेले. जिथे सोडले तिथेही हल्ले झाले. विद्या अत्रेया आणि सहकाऱ्यांनी हे २०११ साली इंग्रजी शोधपत्रिकेत मांडलं. आमच्या ग्रामसभेत मात्र ते अजून कुणी मांडलेलं नाही. गावाला मिळतं ते गुळगुळीत कागदावरचं पत्रक, 'घाबरू नका' लिहिलेलं.

दारंधरा: घाबरू नका म्हणणारा रात्री एक वाजता उसात येतो का? पंपाची थ्री फेज वीज रात्रीची, म्हणून दारं धरायला, म्हणजे उसाला पाणी द्यायला, रात्रीच जावं लागतं. बॅटरी, मोबाईलवर गाणी, काठीला घुंगरू, सगळं करतो. पण बारं मोडायला, म्हणजे पाणी पुढच्या सरीत वळवायला, वाकावंच लागतं, आणि तुमचेच तज्ज्ञ सांगतात की वाकलेला माणूस बिबट्याला सावज वाटू शकतो. मग विज्ञान आम्हाला कशाला शिकवता? दिवसा वीज कोण देणार ते सांगा.

पाचट: दारंधरा, विजेचं शंभर टक्के खरं. पण सगळंच वाया जातं असं नाही. आमच्याकडे ऊसतोडणीत बछडी सापडली. वनखात्याने त्याच सरीत क्रेटमध्ये ठेवली, कॅमेरा लावला. रात्री मादी आली आणि एकेक करून घेऊन गेली. ते चित्रीकरण तोडणीच्या टोळीतल्या बायकांनी पाहिलं. त्यानंतर पिल्लांना कुणी हात लावत नाही, आधी फोन करतात.

दारंधरा: छान. तीच बछडी दोन वर्षांनी माझ्या गोठ्यात.

कुकडीकाठ: म्हणूनच भूतदयेपेक्षा हिशेबाचं बोलावं. अहिल्यानगर (नगर) जिल्ह्यातल्या अकोले भागातल्या अभ्यासात बिबट्याच्या खाण्यात वजनाने ३९ टक्के वाटा कुत्र्यांचा निघाला. पोल्ट्रीची मेलेली कोंबडी ओढ्यात टाकली की कुत्री जमतात, आणि त्यांच्या मागे तो. एवढं सांगायला पत्रक लागत नाही, पाच मिनिटं लागतात. पण सांगणार कोण? पोल्ट्रीवाले सरपंचांचेच भाऊबंद!

दारंधरा: हे पटलं. ओढ्याचा विषय ग्रामसभेत मीच काढतो, भाऊबंद असले तरी. पण त्या सभेत वनखात्याच्या साहेबांशेजारी वीज कंपनीचा माणूसही बसवा. तो नसेल तर मी यायचा नाही.