घुमटाखालची कवटी

'एलियन' चित्रपटातल्या परग्रहावरच्या प्राण्याच्या पुतळ्याच्या नव्या आवृत्तीत डोक्यावरचा घुमट पारदर्शक दिलाय, मग जुना पुतळा विकून हा घ्यावा का, असा प्रश्न आलाय. माझ्या मते घुमटापेक्षा त्याखालचं काम बघा. १९७९ च्या 'एलियन'साठी त्या प्राण्याची रचना करणाऱ्या गिगर या स्विस कलाकाराने ते डोकं घडवताना खरी मानवी कवटी वापरली होती. वरच्या अर्धपारदर्शक आवरणातून डोळ्यांच्या खोबण्या दिसतात न दिसतात, आणि सगळी भीती तिथेच आहे. (१९८६ च्या दुसऱ्या भागात घुमटच काढला, वर कंगोरे आले, मला ते कधीच पटलं नाही.)

नव्या पुतळ्याच्या नमुन्याच्या फोटोत कवटी सपाट, एकाच करड्या रंगात वाटतेय. माझ्याकडच्या जुन्या पुतळ्यात खोबण्यांच्या कडेला तपकिरी छटा आहे, बाजूने टॉर्च मारला की ती उजळते. घुमट मात्र पिवळा पडलाय, खिडकीजवळ ठेवल्याचा परिणाम. नवा घेतलात तरी रेझिनला (पुतळ्याच्या प्लास्टिकसारख्या साहित्याला) ऊन लागू देऊ नका.

अजून एक, अंगकाठी तपासा. चित्रपटात एलियनचा सूट घालणारा बोलाजी बडेजो जवळपास ७ फूट उंच आणि कमालीचा सडपातळ होता. नव्याच्या मांड्या मला जाड वाटतात. रंगकाम झालेल्या प्रत्यक्ष प्रतीचे फोटो येईपर्यंत मी जुना विकणार नाही.