छापील कापडाला ‘केंटे’ म्हणावे का?

ताणाबाणा:
घानातील केंटे या हातमागाच्या कापडाच्या विणकामकौशल्याचा समावेश डिसेंबर २०२४ मध्ये युनेस्कोच्या अमूर्त वारशाच्या यादीत झाला. मात्र जगभरच्या बाजारांत केंटे म्हणून विकले जाणारे बरेचसे कापड मागावर चढलेलेच नसते, ते कारखान्यात छापलेले असते. असे कापड विकायला माझी हरकत नाही. आक्षेप आहे तो त्याला केंटे म्हणण्याला.

घानातील कुमासी शहराजवळच्या बोनवायर गावात विणकर मागात बसतो, तेव्हा ताण्याचे धागे त्याच्यासमोर कित्येक मीटर लांब पसरलेले असतात आणि त्यांच्या दूरच्या टोकाला दगडाचे वजन ठेवलेले असते. विणून झालेले कापड तो स्वतःकडे गुंडाळत जातो, तसतसा तो दगड जमिनीवरून घसरत त्याच्या दिशेने येतो. धागे वरखाली करणाऱ्या दोऱ्या त्याने पायांच्या बोटांत धरलेल्या असतात. एवढ्या खटाटोपातून निघते ती जेमतेम चार इंच रुंदीची पट्टी, आणि अशा वीसहून अधिक पट्ट्या काठाला काठ लावून शिवल्या म्हणजे पुरुषाचे एक वस्त्र तयार होते. या कृतीचे नाव केंटे आहे. तिच्या चित्राला तेच नाव देणे मला पटत नाही.

रंगारी:
आपले वर्णन सुरेख आहे, पण त्यातला शुद्धतेचा आग्रह इतिहासाला धरून नाही. अठराव्या शतकात घानातील असांते लोकांच्या विणकरांना रेशीम मिळाले ते युरोपीय व्यापाऱ्यांनी आणलेले कापड उसवून. आजही रेयॉनचे आणि गिरणीच्या सुताचे केंटे सर्रास विणले जाते आणि त्याला कोणी खोटे म्हणत नाही. परका धागा चालला, रेयॉन चालले, मग नेमकी छपाईच का चालू नये? शिवाय एके काळी ठरावीक नमुने राजाखेरीज कोणी नेसू शकत नव्हते आणि मागावर स्त्रीने बसणे परंपरेला मान्य नव्हते. ज्या परंपरेने इतक्या जणांना दाराबाहेर ठेवले, तिचे नाव छापील कापडामुळे चार लोकांच्या अंगावर आले तर बिघडले काय?

ताणाबाणा:
उसवलेले रेशीम पुन्हा विणलेच गेले ना? धागा कोठून आला हा माझा मुद्दा नव्हताच, तो कोणाच्या हातून गेला हा आहे. शिवाय प्रत्येक नमुन्याला नाव असते आणि ते बहुधा ताण्याच्या रंगपट्ट्यांवरून ओळखले जाते. ‘अद्विनासा’ म्हणजे कसब संपले, विणकराने होती नव्हती ती सगळी नक्षी या एका कापडात ओतली. छापणाऱ्या यंत्राचे कसब संपले असे म्हणता येईल का? घानाचे पहिले राष्ट्राध्यक्ष एनक्रुमा यांचा इजिप्तच्या फातिया यांच्याशी विवाह झाला, तेव्हा एका नमुन्याला ‘फातिया एनक्रुमांना शोभते’ असे नाव पडले. १९६६ मध्ये लष्कराने एनक्रुमांना पदच्युत केल्यावर त्याच नमुन्याला ‘एकटा माणूस देश चालवत नाही’ या अर्थाचे नाव मिळाले. कापडात इतके बोलणे असते.

ओटीवरून:
हे उदाहरण आपल्याच विरुद्ध जाते, असे नम्रपणे सुचवतो. १९६६ मध्ये त्या कापडाचा एक धागाही बदलला नव्हता. बदलले ते लोकांनी दिलेले नाव. म्हणजे अर्थ मागावर ठरत नाही, नेसणारे आणि पाहणारे तो ठरवतात. अमेरिकेतील कृष्णवर्णीय विद्यार्थी पदवीदानाच्या दिवशी केंटेची पट्टी खांद्यावरून घेतात. ती पुष्कळदा छापील असते, पण आपले पूर्वज कोठून आणले गेले याची ती खूण आहे आणि ही खूण खोटी नाही. उलट, जून २०२० मध्ये डेमोक्रॅटिक पक्षाच्या नेत्यांनी पोलिसांच्या हातून मरण पावलेल्या जॉर्ज फ्लॉइड यांच्या स्मरणार्थ अमेरिकी संसदभवनात केंटेच्या पट्ट्या घालून गुडघे टेकले, तेव्हा बरीच टीका झाली. ती टीका पट्ट्या हातमागाच्या होत्या की छापील, यावरून झाली नव्हती, त्या कोणी घातल्या यावरून झाली होती.

दोरावळ:
नाव राखायचे तर ते कोणासाठी, हेही पाहावे लागेल. असांते लोक या कापडाला आपल्या भाषेत ‘न्वेंतोमा’, म्हणजे विणलेले कापड, असेही म्हणतात. आणि केंटे एकट्या असांतेंचे नाही. घानाच्या पूर्वेकडील एवे लोक क्पेटो आणि आगबोझुमे येथे आपले वेगळे केंटे विणतात. त्यात प्राणी, माणसे, वस्तू यांच्या आकृती असतात आणि मूळ कोणाचे हा वाद दोघांत जुना आहे. घानाच्या २००५ च्या कॉपीराइट कायद्याने लोककलेचे हक्क जनतेच्या वतीने राष्ट्राध्यक्षांकडे सोपवले आहेत, पण परदेशात कापड छापणाऱ्यावर घानाच्या कायद्याची मात्रा चालणार कशी?

माजघर:
आपल्याकडे ‘सेमी पैठणी’ म्हणतात, आणि ती घेणाऱ्या बाईला आपण काय घेतो आहोत हे ठाऊक असते. तसे ‘छापील केंटे’ म्हणा आणि मोकळे व्हा. नाव पुसायचे कशाला?

ताणाबाणा:
विशेषण टिकले असते तर मीही मोकळा झालो असतो. कारखान्यातून निघताना ते असते, घाऊक बाजारात अर्धे उरते आणि दुकानातल्या चिठ्ठीवर नुसते ‘केंटे’ राहते. महिनोन्महिने बसून विणणाऱ्याच्या मालाशेजारी हे कापड त्याच नावाने आणि त्याच्या काही अंश किमतीला टांगले जाते, मग विणकराने आपली किंमत गिऱ्हाईकाला समजावायची कशी? ओटीवरून यांचा मुद्दा मात्र मी मान्य करतो. अर्थ नेसणाराही घडवतो, पण त्या अर्थाने विणकराची मजुरी निघत नाही. घेणाऱ्यांनी निदान कापड उलटून पाहावे. छापलेल्याची मागची बाजू फिकी असते, विणलेले दोन्हीकडून बोलते.

रंगारी:
मजुरीचा मुद्दा खरा आहे, त्यावर माझ्याकडे उत्तर नाही. मात्र उलटून पाहण्याची युक्ती आता पुरत नाही, कारण नक्कल यंत्रमागावर विणलेलीही मिळते आणि तिची मागची बाजू फिकी नसते. तेथे पट्ट्यांचे जोड शोधावे लागतात. ती सलग रुंद पन्ह्यात विणलेली असते, त्यामुळे जोडाची शिवणच सापडत नाही.