बंद पडलेला एक्स्चेंज २०१३ अ‍ॅक्टिव्ह डिरेक्टरीतून पूर्ण कसा काढायचा?

नेटवर्ककट्टा
डोमेनमध्ये एकच एक्स्चेंज २०१३ (मायक्रोसॉफ्टचा मेल सर्व्हर) होता, त्याच्या नोंदी अजून अ‍ॅक्टिव्ह डिरेक्टरीत (डोमेनमधली खाती आणि मशीन यांची नोंदवही) आहेत. मेल आधीच बाहेरच्या सेवेवर हलवला आहे, डिरेक्टरी सिंक (इथली खाती त्या सेवेशी आपोआप जुळवणं) नाही. अनइन्स्टॉल करायच्या आत सर्व्हरच्या डिस्क गेल्या. आता डोमेनमधल्या पीसीवर नवीन आउटलुक प्रोफाइल करायला घेतलं की ते जुनाच सर्व्हर शोधत बसतं. एडीएसआय एडिटमधून (डिरेक्टरीतल्या नोंदी थेट बदलायचं साधन) काय काय उडवायचं? स्कीमासुद्धा (डिरेक्टरीतल्या नोंदींचा साचा) साफ करायचा आहे.

स्कीमाराखण
स्कीमा तसाच राहणार. एकदा वाढवलेले अ‍ॅट्रिब्यूट आणि क्लास डिलीट होत नाहीत, फार तर निष्क्रिय करता येतात, आणि तेही करू नका. ते पडून राहिले तरी काही बिघडत नाही.

आउटलुक अडकतं ते ऑटोडिस्कव्हरच्या (मेल सर्व्हर आपोआप शोधायची सोय) एससीपीमुळे, म्हणजे सर्व्हर कुठे आहे हे सांगणाऱ्या डिरेक्टरीतल्या नोंदीमुळे. डोमेनमधलं आउटलुक आधी डिरेक्टरीला विचारतं, आणि सर्व्हरच्या ऑब्जेक्टखाली प्रोटोकॉल्स, मग ऑटोडिस्कव्हर इथे ती नोंद अजून आहे. तिच्या सर्व्हिस-बाइंडिंग-इन्फर्मेशनमध्ये जुनी यूआरएल दिसेल. आज तेवढी एक नोंद काढलीत तरी लोकांची अडचण थांबेल, बाकीची सफाई सावकाश करा.

खरा स्वच्छ मार्ग म्हणजे जुन्या मशीनचं कॉम्प्युटर अकाउंट रीसेट करून त्याच नावाने, त्याच विंडोज आवृत्तीचं मशीन उभं करायचं, त्यावर एक्स्चेंजचा सेटअप रिकव्हर-सर्व्हर मोडमध्ये (जुना सर्व्हर डिरेक्टरीतल्या नोंदींवरून परत उभा करणं) चालवायचा आणि मग रीतसर अनइन्स्टॉल करायचं. वेळ असेल तर हेच करा. त्यानंतरही ऑर्गनायझेशनचा कंटेनर मागे राहतोच, तो हाताने काढावा लागतो.

डीसीपहारा
हातानेच करणार असाल तर आधी डोमेन कंट्रोलरचा (डिरेक्टरी ठेवणारा सर्व्हर) सिस्टम स्टेट बॅकअप घ्या आणि रेप्लिकेशन (कंट्रोलरांमधली डिरेक्टरीची देवाणघेवाण) नीट चालू असल्याची खात्री करा. फॉरेस्टमध्ये (एका डिरेक्टरीतले सगळे डोमेन मिळून) दुसरा एकही एक्स्चेंज नाही ना, हे पक्कं बघा. असेल तर पुढचं काहीही करू नका, सगळी मेल व्यवस्था बसेल.

एंटरप्राइज अ‍ॅडमिन खात्याने एडीएसआय एडिटमध्ये कॉन्फिगरेशन पार्टिशन (डिरेक्टरीचा एक भाग) उघडा. सर्व्हिसेसखालचे ‘मायक्रोसॉफ्ट एक्स्चेंज’ आणि ‘मायक्रोसॉफ्ट एक्स्चेंज ऑटोडिस्कव्हर’ हे दोन्ही कंटेनर काढा. आत अ‍ॅडमिनिस्ट्रेटिव्ह ग्रुपच्या नावात ‘एफवायडीआयबीओएचएफ२३एसपीडीएलटी’ असं दिसेल. ते बिघडलेलं नाही, मुळातच तसं आहे.

मग डोमेन पार्टिशन. इथे घाई नको. ‘मायक्रोसॉफ्ट एक्स्चेंज सिक्युरिटी ग्रुप्स’ हे ओयू (डिरेक्टरीतला फोल्डर) थेट उडवलं तर डोमेनच्या मुळावरच्या परवानग्यांत नाव नसलेले एसआयडी (खात्यांचे आणि ग्रुप्सचे ओळख क्रमांक) लटकत राहतात आणि कुठला कशाचा हे कळत नाही. म्हणून ग्रुप्स असतानाच डोमेनच्या मुळावरच्या सिक्युरिटी टॅबमधून त्यांच्या नोंदी काढा. ‘एक्स्चेंज विंडोज परमिशन्स’ला तिथे परवानग्या बदलायचा अधिकार मिळालेला असतो आणि त्यातून अख्खं डोमेन ताब्यात घेता येतं, त्यामुळे हा भाग टाळू नका. डीफॉल्ट डोमेन कंट्रोलर्स पॉलिसीत ‘मॅनेज ऑडिटिंग अँड सिक्युरिटी लॉग’मधूनही ‘एक्स्चेंज सर्व्हर्स’ काढा.

मग ते ओयू आणि ‘मायक्रोसॉफ्ट एक्स्चेंज सिस्टम ऑब्जेक्ट्स’ कंटेनर (हेल्थ मेलबॉक्स त्यातच जातात), यूझर्समधली सिस्टम-मेलबॉक्स, डिस्कव्हरी-सर्च, फेडरेटेड-ईमेल, मायग्रेशन ही खाती, जुन्या सर्व्हरचं कॉम्प्युटर अकाउंट आणि त्याच्या डीएनएस नोंदी काढा.

नेटवर्ककट्टा
धन्यवाद. यूझरवरचे अ‍ॅट्रिब्यूट ठेवले तर चालतील? पुढे मायक्रोसॉफ्ट ३६५शी सिंक करायचा विचार आहे.

स्कीमाराखण
मग ते नक्की साफ करा, सिंक सुरू करायच्या आधी. एमएस-एक्सच-मेलबॉक्स-ग्विड (मेलबॉक्सचा ओळख क्रमांक) भरलेला राहिला तर क्लाउडला वाटतं मेलबॉक्स अजून ऑफिसच्या सर्व्हरवर आहे, आणि लायसन्स देऊनही नवीन मेलबॉक्स तयार होत नाही. पॉवरशेलच्या सेट-एडी-यूझरला क्लिअर स्विच लावून तो, होम-एमडीबी आणि एमएस-एक्सच-होम-सर्व्हर-नेम रिकामे करा, आधी एकाच चाचणी खात्यावर. मेल आणि प्रॉक्सी-अ‍ॅड्रेसेसना मात्र हात लावू नका. सिंकनंतर लोकांचे पत्ते तिथूनच येतील.

रिकव्हर-सर्व्हरचा मार्ग घेतलात तर मेलबॉक्स काढताना डिसेबल-मेलबॉक्स वापरा. रिमूव्ह-मेलबॉक्सने डिरेक्टरीतलं यूझर खातंच उडतं.