एकाच एक्सएमएलमध्ये अनेक स्कीमा : नेमस्पेस जपायचे की सगळं एकात ओतायचं?

घाटमाथा

आमची पुण्यातली टीम बेल्जियममधल्या एका फळवाहतूक कंपनीची इन्व्हॉइस प्रणाली सांभाळते. तिथे १ जानेवारी २०२६ पासून कंपन्यांनी एकमेकांना इलेक्ट्रॉनिक इन्व्हॉइसच द्यायचं बंधन आहे. आमच्या ग्राहकाची इन्व्हॉइस पेपोलच्या, म्हणजे कंपन्यांमध्ये इन्व्हॉइस पोचवणाऱ्या आंतरराष्ट्रीय जाळ्यातून, यूबीएल २.१ या ओएसिस संस्थेच्या एक्सएमएल मानकात जातात. आता त्याला त्याच फाइलमध्ये प्रत्येक कंटेनरच्या तापमानाची नोंद हवी आहे. यावर टीममध्ये सूचना आली की यूबीएलच्या एक्सएसडी (फाइलमध्ये कोणते घटक कसे यावेत हे ठरवणाऱ्या स्कीमा फाइली) कॉपी करू, आपले चार घटक त्यात घालू, सगळ्याला एकच नेमस्पेस (यूआरआयने ओळखला जाणारा, घटकांच्या नावांचा गट) देऊ आणि बाहेर पाठवताना रूपांतर करू. माझा याला ठाम विरोध आहे. ही सूचना या ना त्या रूपात सगळीकडे येते, म्हणून इथे मांडतोय.

यूबीएलची बांधणी बघा. क्रमांक, तारीख, रक्कम असे सुटे घटक सीबीसी या प्रीफिक्सच्या (नावाआधी लिहिलेल्या, नेमस्पेस दाखवणाऱ्या छोट्या खुणेच्या) नेमस्पेसमध्ये असतात. पार्टी, पत्ता, कर असे एकत्र बांधलेले घटक सीएसीमध्ये. इन्व्हॉइसचा स्कीमा या दोघांना इम्पोर्ट करतो, म्हणजे त्यांच्या स्कीमा वापरायला घेतो. २.१ मधले ६५ प्रकारचे दस्तऐवज याच दोन साठ्यांवर उभे आहेत. २००६ च्या २.० पासून २०२१ च्या २.३ पर्यंत नेमस्पेसच्या शेवटी २ हाच आकडा राहिला, कारण जुनी फाइल नव्या स्कीमावर चाललीच पाहिजे हे त्यांनी कसोशीने पाळलं. त्याच नावाखाली आपण आपले घटक घुसवले, तर उद्या २.३ वर जाताना त्यांचं कुठलं आणि आपलं कुठलं हे शोधत बसावं लागेल. नेमस्पेस ही मालकीची खूण आहे. कुठला भाग बदलायचा अधिकार कोणाचा, हे त्यामुळे फाइलमध्येच लिहिलेलं राहतं.

आणि योग्य मार्ग अवघडही नाही. आपली वेगळी एक्सएसडी, तिला आपल्या डोमेनचा टार्गेट नेमस्पेस (तिच्यातले घटक ज्यात जातात तो). एका एक्सएसडीला टार्गेट नेमस्पेस एकच असतो. दुसरी एक्सएसडी आत घ्यायची, तर तोच नेमस्पेस असेल तर इन्क्लूड, वेगळा असेल तर इम्पोर्ट. यूबीएलने दस्तऐवजाच्या सुरुवातीलाच यूबीएलएक्सटेन्शन्स हा घटक परक्या मजकुरासाठी राखून ठेवला आहे. तापमान तिथे जाईल.

अबोली

पूर्ण असहमत. मी बँकेच्या पेमेंट विभागात आहे, आमचं सगळं आयएसओ २००२२ या आर्थिक संदेशांच्या मानकावर चालतं. रिझर्व्ह बँकेची आरटीजीएस २०१३ पासून त्यावर आहे. तिथे मुद्दाम उलटा रस्ता धरलाय. पॅक्स.००८ या ग्राहकाच्या पेमेंटच्या संदेशाची एक्सएसडी स्वयंपूर्ण, पॅक्स.००९ या बँका-बँकांमधल्या संदेशाची स्वयंपूर्ण. इम्पोर्ट नाही. पोस्टलअॅड्रेस२४ हा पत्त्याचा टाइप दोन्हींच्या ००१.०८ आवृत्तीत जसाच्या तसा पुन्हा लिहिलेला आहे. आवृत्ती थेट नेमस्पेसच्या नावात, त्यामुळे ००८ बदलला तरी ००९ वाल्यांची झोप उडत नाही.

तुमच्या इम्पोर्टच्या साखळीत काय होतं? स्कीमालोकेशन (स्कीमाची फाइल कुठे आहे ते सांगणारी नोंद) ही पार्सरला, म्हणजे एक्सएमएल वाचणाऱ्या प्रोग्रॅमला, दिलेली नुसती सूचना असते, तिथूनच फाइल घे असं बंधन नाही. एकाच नेमस्पेससाठी दोन ठिकाणांहून इम्पोर्ट असेल तर काही पार्सर दुसरा मुकाट सोडून देतात आणि मग 'टाइप सापडत नाही' ही चूक भलत्याच ओळीवर दिसते. एक फाइल उघडली की सगळं समोर, याची किंमत रात्री दोनला प्रॉडक्शन बंद पडल्यावर कळते.

घाटमाथा

अबोली, उदाहरण चांगलं आहे, पण ते माझ्या बाजूने जातं. त्या प्रती कोणी हाताने केलेल्या नाहीत. मूळ मॉडेल एका सामायिक भांडारात आहे आणि एक्सएसडी त्यातून यंत्राने तयार होतात. आमच्याकडे असं भांडार नाही, आमच्याकडे कॉपी-पेस्ट होणार. शिवाय तुमच्या पेमेंटसोबत जाणारा बिझनेस हेडर, हेड.००१, स्वतःच्या वेगळ्या नेमस्पेसमध्येच असतो ना? आणि सप्लिमेंटरी डेटाच्या आत परका नेमस्पेस चालावा म्हणून मोकळी जागा ठेवलेली आहेच. मालक बदलला तिथे नेमस्पेस बदलला.

कोकणकडा

दम्मामहून लिहितोय. सौदीतही इन्व्हॉइस यूबीएल २.१ मध्ये, वर डिजिटल सही. नेमस्पेस नको म्हणणाऱ्यांनी हे एक बघावं. एक्सपाथ १.० या, एक्सएमएलमधले घटक शोधायच्या भाषेत प्रीफिक्स नसलेलं नाव म्हणजे कुठल्याच नेमस्पेसमध्ये नसलेलं नाव. त्यामुळे यूबीएलच्या फाइलमध्ये नुसतं 'इन्व्हॉइस' शोधलं की काहीच सापडत नाही. वैतागून लोक लोकल-नेम वापरतात, म्हणजे नेमस्पेस सोडून फक्त नाव जुळवतात.

आता या फाइलमध्ये 'सिग्नेचर' नावाचे दोन घटक आहेत. एक डीएस:सिग्नेचर, खरी क्रिप्टोग्राफिक सही, वर एक्सटेन्शन्सच्या पोटात. दुसरा सीएसी:सिग्नेचर, खाली, यूबीएलचा स्वतःचा, ज्यात सीबीसी:आयडी असतो. लोकल-नेमने पहिला 'सिग्नेचर' घेतला की हाती डीएसचा लागतो आणि त्यात आयडी शोधत बसता. सहीसाठी हॅश (मजकुराचा ठसा) काढण्याआधी एक्सटेन्शन्स, सीएसी:सिग्नेचर आणि क्यूआरचा संदर्भ असे तीन भाग वगळायचे असतात. नावावरून वगळायला गेलात तर काय वगळलं याचाच भरवसा नाही. दोन संस्थांनी तोच शब्द दोन अर्थांनी वापरलाय आणि दोघीही बरोबर आहेत. सगळं एका नेमस्पेसमध्ये ओतलं तर यातल्या एकीचं नाव बदलावंच लागेल.

जुनाजाणता

दम्मामच्या प्रतिसादाला पुस्ती, पण उलट्या दिशेने. 'प्रीफिक्सला अर्थ नसतो, नेमस्पेसच्या यूआरआयला असतो' असं आपण नव्या मुलांना शिकवतो. १९९९ च्या नेमस्पेस शिफारशीपासून हेच चालत आलंय आणि स्कीमापुरतं ते खरं आहे. सही आली की हे कोसळतं. सहीआधी मजकूर ठरावीक रूपात आणतात, त्या साध्या कॅनॉनिकलायझेशनमध्ये लागू असलेली सगळी नेमस्पेस घोषणा मजकुरात उतरते, वापरलेली असो वा नसो. मूळ घटकावर एक जादा घोषणा राहिली तरी हॅश बदलतो. पायथनच्या एलिमेंटट्री लायब्ररीने फाइल वाचून परत लिहिली आणि प्रीफिक्स आधी नोंदवलेले नसतील, तर सीबीसी-सीएसी जाऊन एनएस०, एनएस१ येतात. स्कीमाच्या दृष्टीने फाइल तीच, सहीच्या दृष्टीने वेगळी.

कॅनॉनिकलायझेशनचा एक्सक्लूझिव्ह प्रकार २००२ मध्ये आला, तो फक्त दिसण्यात वापरलेले प्रीफिक्स घेतो. पण एक्सएसआय:टाइप या, घटकाचा टाइप सांगणाऱ्या गुणधर्माच्या मूल्यातला प्रीफिक्स त्याला दिसत नाही, तो यादीत वेगळा सांगावा लागतो. घाटमाथा 'अवघड नाही' म्हणतात ते मला पटत नाही. चार स्कीमा एकत्र आणणं सोपं आहे, त्या फाइलवर दहा वर्षं सह्या तपासत राहणं अवघड आहे.

रानवारा

आपल्या जीएसटीचं ई-इन्व्हॉइस एक्सएमएलमध्ये नाही, जेसन या दुसऱ्या फाइल-प्रकारात आहे. १ ऑक्टोबर २०२० ला ५०० कोटींच्या वर उलाढाल असलेल्यांपासून सुरू झालं, १ ऑगस्ट २०२३ पासून ५ कोटींच्या वरच्यांना लागू आहे. नेमस्पेस नाही, प्रीफिक्स नाही, आणि चाललंय. मग हा सगळा खटाटोप कशासाठी?

घाटमाथा

कारण तिथे मालक एकच आहे. स्कीमा सरकारचा, आणि त्यात परक्या संस्थेचे घटक मिसळायची गरजच ठेवलेली नाही. अशा ठिकाणी मीही नेमस्पेस मागणार नाही. आमच्या फाइलमध्ये ओएसिसचे घटक, वेबची मानकं ठरवणाऱ्या डब्ल्यूथ्रीसीच्या सहीचे घटक आणि ग्राहकाचे घटक शेजारी शेजारी बसणार आहेत. तिघांचं वेळापत्रक वेगळं, तिघं एकमेकांना न विचारता बदलणार.

जुनाजाणता, सहीचा मुद्दा मान्य. पण तो त्रास सगळं एकात ओतलेल्या सपाट स्कीमानेही टळत नाही. बाहेर पाठवायच्या रूपात नेमस्पेस येणारच आहेत, आणि सही त्याच रूपावर होते.

अबोली

एक्सटेन्शनचा मार्ग तुम्ही सोपा म्हणालात. ईएन १६९३१ या युरोपीय इन्व्हॉइस मानकाच्या तपासणी नियमांतला यूबीएल-सीआर-००१ वाचला आहे का? यूबीएल इन्व्हॉइसमध्ये एक्सटेन्शन असू नये, असं तो सांगतो. इशाराच आहे, फाइल त्यावर नाकारली जात नाही. पण ज्याच्या हाती ती पडेल त्याची प्रणाली तुमच्या नेमस्पेसकडे बघणारसुद्धा नाही. स्कीमा परवानगी देतो, वापरणारे देत नाहीत. तापमान सीएसव्हीमध्ये लिहा आणि इन्व्हॉइसला जोडा. जोडपत्रासाठी पीडीएफ, चित्रं, सीएसव्ही, एक्सएलएसएक्स, ओडीएस असे मोजकेच प्रकार चालतात, त्यात ते बसतं.

घाटमाथा

तो इशारा आमच्या चाचणीतही दिसतो. सीएसव्हीला माझी हरकत एवढीच की त्यातला रकाना इन्व्हॉइसच्या कुठल्या ओळीचा, हे कुठलाच स्कीमा तपासणार नाही. कंटेनर क्रमांक चुकला तर ते मालाच्या तक्रारीच्या वेळी कळेल. म्हणून आम्ही आता दोन्ही बाजू वेगळ्या धरतोय. ग्राहकाच्या स्वतःच्या गोदामांकडे जाणाऱ्या प्रतीत एक्सटेन्शन, आपल्या नेमस्पेससह, पूर्ण तपासणीसह. पेपोलवर जाणाऱ्या प्रतीत त्यातूनच काढलेली सीएसव्ही. यूबीएलच्या मूळ एक्सएसडीला मात्र हात लावणार नाही. ती कॉपी करून बदलायची सूचना आज टीममध्ये पुन्हा आली आणि मी तिला पुन्हा नाही म्हटलं.

अबोली

गोदामांची प्रत आणि पेपोलची प्रत जुळते का, हे तपासणारी चाचणी आधी लिहा. माझा सगळा आक्षेप तिथेच आहे.