मदत हवी आहे: शिखराची कूटं वर जाऊन एकमेकांत घुसतात (अर्जंट)

खटपट्या: ब्लेंडर या थ्रीडी सॉफ्टवेअरच्या जॉमेट्री नोड्समध्ये (नोड जोडून आकार बनवायची सोय) देवळाचं शिखर करतोय. एक छोटं कूट (शिखरावरची छोट्या शिखराची प्रतिकृती) बनवून थराथराने कॉप्या बसवल्यात. खाली झकास, वर मात्र एकमेकांत घुसतात. स्केल दर थराला ०.१ ने कमी केलाय. शुक्रवारी द्यायचंय, पटकन सांगा.

चुनेगच्ची: देऊळ कुठलं? फोटो?

रेंडरबाबा: हुदिनी घ्या, ते दुसरं थ्रीडी सॉफ्टवेअर. असल्या कामाला ब्लेंडर म्हणजे उगाच जिवाला त्रास.

खटपट्या: नवीन शिकायला वेळ नाही हो. सिन्नरचं गोंदेश्वर. त्याने काय फरक पडतो?

चुनेगच्ची: सगळाच पडतो! ते भूमिज शिखर आहे. चार बाजूंना चार लता (उभ्या पट्ट्या) खालून वरपर्यंत सलग, आणि मधल्या चार भागांत कूटांच्या उभ्या ओळी. तळाच्या भूमीत, म्हणजे थरात, जितकी कूटं तितकीच वरच्या भूमीत. संख्या तीच, आकार घटतो. कॉप्या अंतर देऊन काढताय की संख्या देऊन?

खटपट्या: संख्या.

ड्रोनवाला: कशाला डोकेफोड? फोटोग्रामेट्री करा, म्हणजे फोटोंवरून थ्रीडी मॉडेल, विषय संपला.

चुनेगच्ची: स्कॅनमध्ये शेवाळ आणि झिजलेली टोकं येतात, नियम येत नाही. अंबरनाथचं शिखर वर पूर्णच नाही. तिथे ड्रोन काय टिपणार?

भटक्या: अंबरनाथचं हेमाडपंती मंदिर अप्रतिम! गाभारा खाली आहे, पायऱ्या उतरून जावं लागतं. महाशिवरात्रीला जाऊ नका, तुफान गर्दी.

चुनेगच्ची: हेमाडपंती कसलं? शिलालेख शके ९८२ चा, म्हणजे इ.स. १०६०. हेमाद्री, म्हणजे हेमाडपंत, तेराव्या शतकातला.

भटक्या: आमच्याकडे सगळे तेच म्हणतात.

रेंडरबाबा: ग्राफिक कार्ड किती जीबीचं आहे?

नोडगुंडी: त्याचा इथे काय संबंध? खटपट्या, थराच्या नंबरावरून स्केल काढू नका. शिखराची कड वाकलेली असते, वर झपाट्याने आत वळते. तुमचं ०.१ सरळ रेषेत घटतंय. त्या थराची त्रिज्या भागिले तळाची त्रिज्या, हाच स्केल. भूमीची उंचीही त्याच प्रमाणात घटवा. आणि रिअलाइज इन्स्टन्सेस (कॉप्यांची खरी भूमिती करणारा नोड) अगदी शेवटी, नाहीतर मशीन बसेल.

खटपट्या: जमलं! घुसणं थांबलं. पण आता कडेचं कूट अर्धं लतेत जातंय.

नोडगुंडी: लता कशी केलीय?

खटपट्या: सरळ पट्टी, कर्व्हवरून वर नेलीय.

चुनेगच्ची: अहो, लता वर निमुळती होते! फोटो एकदा तरी बघितलात का?

नोडगुंडी: रुंदीला तोच स्केल जोडा. नाही जमलं तर फाइल टाका.

रेंडरबाबा: हुदिनीत हे आपोआप झालं असतं.

नोडगुंडी: नसतं झालं.